लोड १७२, पण कशाच्या १७२ टक्के? टर्बो ट्यूनिंगच्या नोंदी

गाडी: दोन लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल टर्बो, मॅन्युअल गिअरबॉक्स. हवा मोजायला मॅफ सेन्सर, म्हणजे दर सेकंदाला आत जाणाऱ्या हेवचं वजन सांगणारा. दाब आणि तापमान मोजणारे सेन्सर इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या) नंतर, इनटेक मॅनिफोल्डवर. या ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) बूस्टचं, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचं, लक्ष्य दाबात दिलेलं असतं, पण इग्निशन आणि इंधनाची टेबलं तो लोडच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये किती हवा भरली जातेय त्याच्या, आकड्यावरून वाचतो. म्हणजे लोड चुकीचा मोजला गेला, तर ईसीयू टेबलातल्या भलत्याच रकान्यात जाऊन बसतो. बूस्ट गेजवर सगळं ठीक दिसत असतानाही इंजिन फुटतं ते बऱ्याचदा असंच.

सगळे पुल, म्हणजे फुल थ्रॉटलच्या चाचणी धावा, बंद ट्रॅकवर, तिसऱ्या गिअरमध्ये, साधारण २००० ते ६००० आरपीएम. लॅपटॉप शेजारच्या सीटवरच्या मित्राकडे. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे पाहायचं नाही, हा नियम पहिल्यापासून.

८ जानेवारी

ट्यूनिंगच्या टेबलांना हात लावायच्या आधी कंपनीच्या मूळ ईसीयू फाइलवर लॉग घेतला. गाडीच्या निदान-पोर्टला (ओबीडी) लावायचा साधा ब्लूटूथ अडॅप्टर, फोनवर ॲप, आणि यादीतला 'इंजिन लोड' हा पर्याय. आलेख बघून काहीच हाती लागलं नाही. थ्रॉटल पूर्ण दाबल्यापासून सोडेपर्यंत लोड ९९ ते १००, टर्बो जेमतेम जागा होतो त्या २२०० लाही आणि दम संपत येतो त्या ६००० लाही.

सेन्सरमध्ये दोष नाही. ओबीडीत लोड दोन प्रकारचे असतात आणि बहुतेक ॲप पहिला दाखवतात. ईसीयूला विचारायच्या प्रत्येक आकड्याला एक क्रमांक असतो, पीआयडी. त्यातला पीआयडी ०४ सांगतो की या आरपीएमला इंजिन जास्तीत जास्त जेवढी हवा घेऊ शकतं, त्याच्या किती टक्के आत्ता घेतंय. ते 'जास्तीत जास्त' हवामानाच्या दाबाप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे बदलून घेतलेलं असतं. त्यामुळे पूर्ण थ्रॉटलला तो १०० च्या आसपास जाणारच, टर्बो असो वा नसो. शहरात गाडी किती ताणली जाते हे बघायला तो बरा आहे, पण दोन ट्यूनची तुलना त्याच्यावर होत नाही.

आपल्याला हवा तो पीआयडी ४३, ॲब्सोल्यूट लोड. प्रत्येक इनटेक स्ट्रोकला सिलिंडरमध्ये शिरलेल्या हवेचं वजन, भागिले (सिलिंडरचं आकारमान गुणिले १.१८४ ग्रॅम प्रतिलिटर). हा १.१८४ म्हणजे २५ अंश सेल्सिअसला, समुद्रसपाटीच्या दाबाला असलेली हवेची घनता. टर्बो नसलेलं इंजिन इथे ९५ च्या आसपास थांबतं, टर्बोवालं १०० च्या बरंच वर जातं. आकडा दोन बाइटमध्ये येतो: पहिला बाइट गुणिले २५६, त्यात दुसरा मिळवायचा, मग त्या बेरजेला गुणिले १००, भागिले २५५. तुमच्या ॲपमध्ये हा पर्याय नसेल तर एवढ्या सूत्रावर कस्टम पीआयडी बनवता येतो.

११ जानेवारी

आता लोड १५० च्या वर दिसतोय, पण लॉगवर विश्वास ठेवावा असा नाही. उत्साहात बारा गोष्टींवर टिक केली होती: थ्रॉटल, कूलंटचं तापमान, बॅटरीचं व्होल्टेज, सगळंच. हा अडॅप्टर एकेक पीआयडी विचारतो, उत्तराची वाट बघतो, मग पुढचा विचारतो. सेकंदाला एकूण आठ-दहा आकडे मिळतात. बारांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला एकही येत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सेकंदाला ५०० आरपीएम चढते, म्हणजे दोन ओळींमध्ये ६०० आरपीएमची दरी. बूस्ट जिथे सर्वांत वेगाने वर येतो तिथे एकही ओळ नाही.

याहून वाईट म्हणजे एका ओळीतले आकडे एका क्षणाचे नसतात. मॅफ आधी वाचला आणि आरपीएम अर्ध्या सेकंदाहून थोडं उशिरा वाचला, तर मधल्या वेळात इंजिन ३०० आरपीएम पुढे गेलेलं असतं. ३५०० ला ही ८-९ टक्क्यांची चूक झाली. ट्यूनने मिळणारा फरक साधारण तेवढाच असतो, त्यामुळे अशा लॉगवर कुणाचंही काहीही सिद्ध करता येईल.

उपाय दोन केले. वायरवाला अडॅप्टर आणि लॅपटॉप घेतला, आणि यादी सहावर आणली. सहाच का, तर कॅन बसवर (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या नेटवर्कवर) चालणाऱ्या ओबीडीत एका विनंतीत सहापर्यंत पीआयडी मागता येतात आणि त्यांची उत्तरं एकत्र येतात. माझे सहा: आरपीएम (०सी), ॲब्सोल्यूट लोड (४३), मॅप, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब (०बी), मॅफ (१०), इनटेक तापमान (०एफ), टायमिंग, म्हणजे पिस्टन माथ्याला पोहोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते (०ई). वाइडबँड लॅम्डाचा गेज (हवा-इंधनाचं प्रमाण; १ च्या जेवढा खाली, तेवढं मिश्रण दाट) वेगळ्या केबलने त्याच लॅपटॉपवर.

१२ जानेवारी

मूळ फाइलचा पहिला भरवशाचा लॉग. ३५०० आरपीएमला मॅप १९३ किलोपास्कल, लोड १७२, टायमिंग ८ अंश, तापमान ३४. मॅप हा निरपेक्ष दाब आहे. बूस्ट हवा असेल तर त्यातून वातावरणाचा दाब वजा करायचा.

लोड हाताने पडताळून पाहिला. मॅफ ११९ ग्रॅम प्रतिसेकंद, गुणिले ६०, भागिले ३५००, म्हणजे एका फेऱ्याला २.०४ ग्रॅम. चार-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात निम्मं आकारमान भरतं, इथे एक लिटर. २.०४ भागिले १.१८४, १७२ टक्के. जुळलं. ही पडताळणी प्रत्येकाने एकदा तरी करावी, कारण तिच्यातून तुमचा ईसीयू कोणत्या व्याख्येवर चालतो ते कळतं.

याचा उपयोग लगेच झाला. मित्राच्या गाडीत तेवढ्याच क्षमतेचं इंजिन आहे, पण ईसीयू बॉशचा मोट्रॉनिक. त्याच्या लॉगमध्ये त्याच आरपीएमला लोड १५८. आपल्या टर्बोत काहीतरी बिघडलंय असं त्याने धरून ठेवलं होतं आणि वेस्टगेट (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) खोलून बघायची तयारी चालली होती. बॉशच्या 'रिलेटिव्ह लोड'मध्ये १०० टक्के म्हणजे ० अंश सेल्सिअसची हवा, घनता १.२९३. १७२ गुणिले १.१८४ भागिले १.२९३ केलं की १५७.५ येतात. दोन्ही गाड्या सारखीच हवा घेत होत्या. काही गाड्यांत, उदाहरणार्थ सुबारूंत, लोड सरळ ग्रॅम प्रतिफेरा असा लिहितात, तिथे हाच आकडा २.०४ दिसेल. कुणाच्या लॉगशी तुलना करायची तर आधी दोघांचेही आकडे ग्रॅम प्रतिफेऱ्यात आणा. मी आता सगळे लॉग तसेच साठवतो.

१८ जानेवारी

मूळ फाइलचे आणखी पुल, लागोपाठ. मॅप दरवेळी १९३, पण लोड प्रत्येक पुलला थोडा खाली सरकत १६३ वर आला. कारण तापमानाच्या कॉलममध्ये: ३४ वरून ५२. इंटरकूलर तापला. दाब तोच, हवा गरम, म्हणून वजन कमी. केल्विनमध्ये ३०७ भागिले ३२५, साडेपाच टक्के घट, आणि लोडही तेवढाच पडलाय.

बूस्ट गेज इथे काहीच सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळे पुल सारखेच. ज्यांचा ईसीयू लोडचंच लक्ष्य धरतो, त्यांना उलट चित्र दिसेल: लोड स्थिर, आणि तो टिकवण्यासाठी बूस्ट वाढत जाणारा. दोन्ही पाहून घाबरायचं कारण नाही, पण आपली गाडी कोणत्या जातीची हे माहीत हवं.

यावरून स्प्रेडशीटमध्ये एक कॉलम वाढवला, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त उपयोगी तोच पडला: लोड भागिले मॅप, गुणिले केल्विनमधलं तापमान, भागिले २९८. याला पुढे नुसतं 'गुणोत्तर' म्हणतो. थंड पुलला ०.९२, गरम पुललाही ०.९२. म्हणजे दाब आणि तापमान वगळल्यावर इंजिनचा स्वतःचा श्वास किती, ते. कॅमशाफ्ट, हेड, मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट यांना हात लागला नसेल तर एका आरपीएमला हा आकडा फारसा हलता कामा नये. हलला, तर मोजमापात खोट आहे. मात्र त्यासाठी तापमानाचा सेन्सर इंटरकूलरच्या नंतर हवा. तो मॅफसोबत एअरबॉक्समध्ये असेल तर टर्बोच्या आधीचं तापमान मिळतं आणि हा हिशेब बसत नाही.

तुलना नेहमी आरपीएमवर करा, वेळेवर नाही. मी २५० आरपीएमचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याची सरासरी काढतो. वेळेवर ठेवलेले दोन आलेख थ्रॉटल दाबण्यातल्या क्षणभराच्या फरकानेही एकमेकांपासून सरकतात.

२५ जानेवारी

ओपन कोन फिल्टर आणि त्याच्यासोबत येणारा रुंद पाइप बसवला. मॅफ सेन्सर तोच, पण तो आता ७० ऐवजी ७६ मिलिमीटर व्यासाच्या नळीत. फाइल मूळचीच.

पहिला पुल अर्ध्यात सोडावा लागला. ३००० च्या पुढे कानाला ऐकू येईल एवढं नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक. लॉगमध्ये ३५०० ला लोड १४६, मॅप १९३, टायमिंग ११.५, आणि पुढच्याच ओळींत टायमिंग खाली ओढलं जातंय. ईसीयूने मागितलेला लॅम्डा ०.८२, वाइडबँडवर ०.९५. गुणोत्तर ०.९२ वरून ०.७८.

इंजिनने हवा कमी घेतली नव्हती. मॅफ सेन्सरला हवेचा वेग जाणवतो, आणि त्यावरून ईसीयू जे वजन काढतो ते ठरावीक व्यासाची नळी धरून. ७६ चा वर्ग भागिले ७० चा वर्ग म्हणजे १.१८. नळीचं क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढलं, वेग तेवढ्या प्रमाणात उतरला, आणि १७२ चा लोड १४६ असा नोंदला गेला. ईसीयूने १४६ च्या रकान्यातलं टायमिंग दिलं, जे साडेतीन अंश पुढे आहे, आणि इंधन दिलं ते मोजलेल्या कमी हवेपुरतं. जास्त ॲडव्हान्स (लवकर पडणारी ठिणगी) आणि पातळ मिश्रण, दोन्ही एकदम. पिस्टन वितळायला एवढं पुरतं.

'फिल्टर बसवला, ट्यून न करताही गाडी पळायला लागली' असं ज्यांना वाटतं, त्यांनी कृपया लॉग घ्या. गाडी पळते ती बऱ्याचदा अशा न मागितलेल्या ॲडव्हान्समुळे, आणि नॉक सेन्सर दरवेळी वाचवेलच असं नाही. हळू चालवतानाही खूण दिसते. माझ्या गाडीत क्रूझिंगला इंधनाचे ट्रिम, म्हणजे ईसीयू स्वतःहून करतो ती दुरुस्ती, अधिक १५ टक्क्यांच्या पुढे गेले होते.

मॅफचं टेबल नव्याने मोजून काढणं शक्य आहे, पण त्याला बराच वेळ लागतो, आणि या पॉवरला मूळ एअरबॉक्स कमी पडत नाही. मूळ एअरबॉक्स परत लावला. गुणोत्तर ०.९२. फिल्टर किटचे पैसे गेले.

८ फेब्रुवारी

नवी फाइल. ३५०० ला मॅपचं लक्ष्य १९३ वरून २१८, वरच्या आरपीएमला हळूहळू उतरतं, इंधन थोडं दाट, लॅम्डा ०.८०. लोड वाढणार म्हणून इग्निशन टेबलाचे वरचे रकाने आधी भरून घेतले. टेबल जिथे संपतं तिथे ईसीयू शेवटच्याच रकान्याचा आकडा वापरत राहतो. १८० ला संपणाऱ्या टेबलावर १९५ चा लोड चालवला तर त्याला १८० चं टायमिंग मिळतं.

गुणोत्तरावरून आधीच हिशेब केला होता: २१८ ला, ३६ अंश तापमानाला, लोड १९३ यायला हवा. लॉगमध्ये आला २०७.

सोबतचा मित्र खूश होता. मला तो आकडा पटला नाही. गुणोत्तर ०.९८ वर गेलं होतं, आणि फक्त बूस्ट वाढवल्याने इंजिनचा श्वास सहा-सात टक्के सुधारत नाही. बाकीचे कॉलमही हेच सांगत होते. लॅम्डा ०.८० मागितला तिथे ०.७५. ५००० च्या वर मॅप लक्ष्याला पोहोचतच नाही, १९० वर अडकतो, वेस्टगेट बंद ठेवणारा सिग्नल (ड्युटी) पूर्ण चढलेला. आणि ३००० ते ५५०० ला लागणारा वेळ मूळ फाइलला ५.१ सेकंद, या फाइलला ५.०. लोड २० टक्के वाढून पाव सेकंदसुद्धा कमी होत नसेल, तर ती हवा सिलिंडरमध्ये जात नाहीये.

मॅफने मोजलेली हवा मॅफ आणि थ्रॉटलच्या मधे कुठेतरी बाहेर पडतेय. ईसीयू तिच्यासाठीही इंधन देतोय, म्हणून मिश्रण दाट. आयडलला ट्रिम स्वच्छ, कारण थ्रॉटलच्या अलीकडच्या पाइपांमध्ये आयडलला दाबच नसतो. म्हणूनच आयडलला ही गळती कळत नाही.

९ फेब्रुवारी

साबणाचं पाणी आणि स्मोक टेस्ट दोन्ही करून पाहिलं. नुसत्या धुरात काही दिसलं नाही, कारण त्या मशीनचा दाब फार कमी असतो. टर्बोच्या तोंडाला प्लग लावून कॉम्प्रेसरने एक बारपेक्षा थोडा जास्त दाब भरला, तेव्हा इंटरकूलरच्या थंड बाजूचा होज पाइप क्लॅम्पखाली सरकताना डोळ्यांनी दिसला. मूळच्या बूस्टला तो कसाबसा धरून होता, नव्या बूस्टला नाही. रुंद पट्टीचा टी-बोल्ट क्लॅम्प लावला, पाइपच्या आतलं तेल पुसून. सबंध कामातली ही सर्वांत स्वस्त वस्तू, आणि तिच्यापायी दोन दिवस गेले.

१५ फेब्रुवारी

लोड १९३. हिशेबात होता तोच. मॅप वरपर्यंत लक्ष्याला चिकटून. लॅम्डा ०.८०. गुणोत्तर ०.९२. लोडचा आकडा २०७ वरून खाली आला आणि ३००० ते ५५०० चा वेळ ५.० वरून ४.७ झाला. फक्त सर्वांत मोठा लोड दाखवून ट्यून विकणाऱ्यांना हा एक लॉग दाखवावासा वाटतो.

सपाट माथ्याबद्दल इथेच लिहून ठेवतो. लोडचा आलेख वर जाऊन अगदी सरळ रेषेत थांबत असेल आणि ओळीमागून ओळ तंतोतंत तोच आकडा येत असेल, तर ती इंजिनची मर्यादा क्वचितच असते. मॅफचा सिग्नल टोकाला टेकलेला असू शकतो, ईसीयूत लोडला कमाल मर्यादा लिहिलेली असू शकते, किंवा आकडा ज्या खोक्यात बसवायचा ते खोकं लहान असू शकतं. ओबीडीतला मॅप एका बाइटचा असल्यामुळे नेहमीच्या मोजणीत २५५ किलोपास्कलच्या वर दाखवूच शकत नाही. मित्सुबिशी इव्होच्या एक-बाइट लोडचा माथा तसाच १६० च्या जवळ सपाट होतो, म्हणून तिथे दोन-बाइट लोड लॉग करतात.

२२ फेब्रुवारी

लोड आता खरा आहे, पण टायमिंग नाही. टेबलात १९० च्या पुढे ८ अंश मागितले आहेत, आणि लॉगमध्ये ३२०० ते ४००० या पट्ट्यात दरवेळी साडेचार-पाच दिसतात. ईसीयू नॉकमुळे तीन-साडेतीन अंश मागे खेचतोय. जास्त हवा भरायची आणि मग ठिणगी उशिरा देऊन तिची ताकद एक्झॉस्टमध्ये घालवायची, असं चाललंय. एक्झॉस्ट तापतो, टर्बो तापतो, पुढच्या पुलला इनटेक तापतो.

टेबलातला ॲडव्हान्स कमी करून नॉक शांत करता आला असता, पण आधी दुसरी वाट तपासली. मॅपचं लक्ष्य या पट्ट्यात २१८ वरून २१० केलं. अपेक्षित लोड १८६, आला १८६. टायमिंग ७.५ वर स्थिर, मागे खेचणं जवळपास बंद. वेळ ४.६ सेकंद.

साडेतीन टक्के कमी लोड आणि गाडी किंचित जास्त वेगवान. एक दशांश सेकंदाचा फरक एका पुलवर मी मोजला नसता, पण दोन्ही दिशांनी पुल घेऊन आणि फाइल आलटून पालटून लावूनही तो टिकला. तापलेल्या इंजिनवर तर अंतर आणखी वाढतं, कारण २१८ वाल्या फाइलला तिथे आणखी टायमिंग गमवावं लागतं.

१ मार्च

२१० वालीच फाइल ठेवली. ४५०० च्या वर नॉकचा त्रास नव्हता, तिथे लक्ष्य आधीचंच. इग्निशन टेबल २१० लोडपर्यंत भरलेलं आहे, आणि शेवटचे दोन रकाने मुद्दाम जास्त मागे ठेवलेत, कारण कडक थंडीत त्याच दाबाला लोड वाढतो: ३६ ऐवजी ५ अंश इनटेक तापमान असेल तर ११ टक्क्यांनी. १८६ चे २०७ होतील. तो लॉग थंडीत घ्यायचा आहे.

प्रत्येक लॉगच्या फाइलच्या नावात आता चार गोष्टी आहेत: तारीख, ट्यून फाइलची आवृत्ती, पुल सुरू होतानाचं इनटेक तापमान, आणि त्या दिवशीचा वातावरणाचा दाब. हा दाब इंजिन सुरू करण्याआधी इग्निशन ऑन करून मॅपच्या कॉलममधूनच वाचतो.